बांगडीचं माप आणि आकडे दाखवणारी पट्टी

मैत्रिणींनो, कासाराकडे बसल्यावर आपण काय सांगतो? 'सव्वादोन द्या' नाहीतर 'दोन सहा द्या'. सव्वादोन म्हणजे बांगडीचा आतला व्यास सव्वादोन इंच, मिलिमीटरमध्ये 57.15. दोन सहा म्हणजे दोन इंच आणि वर सहा सोळांश, म्हणजे 60.3. अडीचची बांगडी 63.5. एका मापात आणि पुढच्या मापात फरक तीन मिलिमीटरच्या जरासा वर. हाताला तो लगेच कळतो, डोळ्याला कळत नाही. शाळेच्या पट्टीवर तर नाहीच नाही.

आमच्या बचत गटातल्या दोघी घरी रेशमी धाग्याच्या बांगड्या करतात. लग्नसराईत एका दुकानदारानं सहा डझन बांगड्या परत पाठवल्या. कडी दोन सहाची आणली होती, पण आतून अस्तर आणि धाग्याचे थर मिळून दीड मिलिमीटर जाडी चढली. दोन्ही बाजूंची मिळून तीन. बांगडी झाली सव्वादोनची! धागा, मणी, रात्री जागून केलेली मेहनत, सगळं अडकून पडलं. त्यानंतर गटानं डिजिटल कॅलिपर घ्यायचं ठरवलं.

कारखान्यात याला सगळे 'व्हर्निअर'च म्हणतात. एक पट्टी, तिच्यावर सरकणारा जबडा आणि आकडे दाखवणारा छोटा पडदा. खालच्या जबड्यांत वस्तू धरली की बाहेरचं माप, वरची टोकं आत घालून उघडली की आतलं माप. मागून निघणारी काडी खोली मोजते. घरकामाला 150 मिलिमीटरचा, म्हणजे सहा इंची पुरतो.

दुकानात किंवा ऑनलाइन बघाल तर दोन-तीनशे रुपयांपासून प्लास्टिकचे मिळतात. ते बहुतेक 0.1 मिलिमीटरपर्यंत दाखवतात. बांगड्या, मणी, बटणं, लाकडी खेळणी यांना एवढं भरपूर झालं. त्यासाठी जास्त पैसे घालू नका. स्टीलचे साधारण हजाराच्या आसपास पडतात आणि 0.01 पर्यंत आकडा दाखवतात. इथे मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. पडद्यावर दोन दशांश दिसतात म्हणून ते दोन्ही खरे असतातच असं नाही. या किमतीच्या कॅलिपरमध्ये 0.02-0.03 चा फरक चालतो असं कंपनीच सांगते. मिटुटोयोसारख्या जपानी कंपनीचा घ्यायचा तर काही हजार मोजावे लागतात. ते नाव घातलेला हजार रुपयांत कुणी देत असेल, तर तो नकली समजा.

घरी लेथवर बुश करून देणाऱ्या एका ताईंनी मला विचारलं, "आम्हाला कोणता चालेल?" त्यांच्या मालाला 0.05 ची सूट होती. अशा कामाला माझ्या मते स्वस्त कॅलिपरवर भिस्त ठेवू नये, मायक्रोमीटर घ्यावा. माल नाकारला गेला की मजुरी आपलीच कापली जाते, बाई.

घेताना हातात घेऊन बघा. जबडे मिटून उजेडासमोर धरा, मधून फट दिसता कामा नये. शून्य करा, मग पाच-सहा वेळा सर्रकन उघडा-मिटा. दरवेळी शून्यावर यायला हवा. जबडा डगमगत असेल तर ठेवून द्या. आणि खरी परीक्षा घ्यायची असेल तर पंखे दुरुस्त करणाऱ्याकडे जा. छताच्या पंख्यात 6202 नंबरचं बेअरिंग सर्रास असतं. ते बाहेरून 35 आणि आतून 15 मिलिमीटर, अगदी काटेकोर. नवं बेअरिंग मोजून बघा, स्टीलचा कॅलिपर दोन-तीन शतांशापेक्षा जास्त चुकला तर परत करा. दहा रुपयांचं नाणंही 27 मिलिमीटरचं असतं, पण झिजलेलं असू शकतं. प्लास्टिकवाल्याला ते चालेल.

मोजतानाही हात हलका हवा. धाग्याची बांगडी दाबून मोजली तर माप मोठं येतं. बांगडी थोडी लंबगोल असतेच, म्हणून दोन दिशांनी मोजा आणि लहान आकडा धरा. आमच्या दोघी आता आधी एकच बांगडी पूर्ण करून मोजतात, मग डझनाला हात घालतात. सव्वादोनची हवी असेल तर कडं त्या हिशेबानं एक माप मोठं घेतात.

यात एलआर 44 ची बटणाएवढी बॅटरी लागते. स्वस्त कॅलिपर बंद केला तरी आतून थोडी बॅटरी खातच राहतो, म्हणून महिनाभर काम नसेल तर काढून ठेवा. एसआर 44 थोडी महाग, पण जास्त टिकते. आकडे लुकलुकायला लागले की बदलायची वेळ झाली. काढलेली बॅटरी मात्र ओट्यावर, देव्हाऱ्यापाशी कुठेही ठेवू नका. रांगत्या पोरानं गिळली तर अन्ननलिका आतून भाजते. तसं झालंच तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठा.