वेठीचा दिवस

पहाटे चार. कोंबडा आरवतो आणि ती उठते. काळोखात आधी जातं सापडतं, मग चूल. पाड्यावर कुणाकडे घड्याळ नाही. हे तास मी आपल्या सोयीसाठी लावले आहेत. काळ 1885 च्या आसपासचा, विलायतेत व्हिक्टोरिया राणीचं राज्य आणि डहाणूच्या रानात आषाढ. तलासरी तेव्हा वेगळा तालुका नव्हता. ती वारली बाई, तिचं नाव कुठल्या कागदावर नाही. 1882 साली छापलेल्या ठाणे गॅझेटिअरमध्ये इथले डोंगर, देवळं, पिकं, जाती सगळं मिळतं. तिचा आवाज तेवढा मिळत नाही. म्हणून तिचा हा दिवस मी मांडून बघतो आहे.

जात्यात नागली आहे. कणगीचा तळ ज्येष्ठातच लागला. ही नागली सावकाराकडून आणलेली खावटी. सुगीला ती वाढीव मापाने फेडायची. दळताना दाणा बाहेर उडाला तर ती तो चाचपून शोधते.

सहा वाजता उजाडतं. कुडाच्या भिंतीवर लग्नातला चौक अजून पुसट दिसतो. तांदळाच्या पिठाच्या रेघांत मधोमध पालघाट देवी. पाऊस उभा कोसळतो आहे. ती डोक्यावर इरलं घेते, नवरा कमरेच्या आकडीत कोयता अडकवतो. पाड्याच्या शिवेवर वाघदेव आहे, त्याच्यापुढे दोघं थांबतात. वाघ, चंद्र आणि सूर्य कोरलेला, शेंदूर फासलेला खांब. देऊळ नाही, छप्पर नाही, तोही त्यांच्यासारखाच भिजतो. अश्विनात वाघबारशीला सगळा पाडा इथे जमतो. या मुलखाच्या खुणा सांगायच्या तर मी याच्यापासून सुरुवात करीन. डहाणूच्या खाडीवरचा किल्ला पोर्तुगिजांकडून मराठ्यांनी 1739 साली घेतला, पुढे तो इंग्रजांकडे गेला. बोर्डीजवळच्या बारडाच्या गुहांत पारशांनी आपला पवित्र अग्नी लपवून राखला. या दोन्ही खुणा मोठ्या आहेत. पण तिच्या पायवाटेवर वाघदेव आहे.

सात वाजता वाट दोन फाट्यांना फुटते. उजवीकडे त्यांचा खंडाने घेतलेला तुकडा, डावीकडे मालकाची खाचरं. दोघं डावीकडे वळतात. आज वेठ आहे, म्हणजे मालकाकडे फुकट राबायचं.

आठ ते बारा आवणी. पोटऱ्यांपर्यंत चिखल, वाकलेली कंबर, डाव्या हातात रोपांची मूठ. उजव्या हाताची तीन बोटं दोन-तीन काड्या धरून चिखलात शिरतात आणि रिकामी वर येतात. एका दमात हे हजारदा होतं. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या आहेत, पाणी लागलं की आग होते. भात लावणाऱ्या प्रत्येक बाईच्या नशिबी हे आहे. हिचं दुखणं आणखी एक आहे. तिचं स्वतःचं रोप राबात उभं राहून जून होत चाललं आहे. रोप वेळेत लागलं नाही तर फुटवे कमी येतात, आणि फुटवे कमी म्हणजे भात कमी. मालकाची लावणी संपेपर्यंत तिचा हात तिच्या शेताला लागणार नाही. पुढच्या आषाढातली खावटी इथेच, या चिखलात ठरते. आळशीपणाने ही माणसं कर्जात बुडाली असं पुष्कळांनी लिहून ठेवलं. मालकाच्या लावणीत जाणारे हे दिवस त्यांनी मोजले नाहीत.

तो राबही सुखाने भाजता आला नव्हता. चैत्र-वैशाखात झाडांच्या फांद्या, पाला, शेण पसरून जमीन भाजायची, तिथे रोप जोमाने येतं. 1878 च्या जंगल कायद्यानंतर फांदी तोडणं हा गुन्हा ठरू लागला. ठाणे-कुलाब्यात इतकी ओरड झाली की 1885 मध्ये सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला.

दुपारी बांधावर बसून पेज. पाऊस ताटलीत पडतो, पेज पातळ होत जाते.

पुन्हा चिखल. चारच्या सुमारास सर थांबते आणि ढगांतून महालक्ष्मीचा सुळका बाहेर येतो. विवळवेढ्याच्या त्या डोंगरावर चैत्री पौर्णिमेच्या मध्यरात्री ध्वज चढतो, ध्वजाचा मान जव्हारच्या राजघराण्याचा. जत्रेला ती चालत गेली होती. एवढ्यासाठी ती कंबर सरळ करते, सुळक्याकडे हात जोडते आणि पुन्हा वाकते.

सहाला सुटका. वाटेत टाकळ्याची भाजी खुडायची, ओहोळाच्या दगडाखाली चिंबोरी मिळाली तर बघायची. बांधावर ताड आहे, पण तो छेदायचा तर 1878 च्या अबकारी कायद्याने परवाना आणि कर.

रात्री आठ. ओलं लाकूड धुमसतं. आढ्याला तारपा टांगलेला आहे. नवं भात येईपर्यंत तो वाजायचा नाही. नवरा लग्नाच्या कर्जापायी मालकाकडे बांधलेला, म्हणजे लग्नगडी. कर्ज त्याचं, राबणं दोघांचं. उन्हाळ्यात गवत आणि लाकूड आगगाडीपर्यंत पोचवायलाही हेच हात लागतात. मुंबईच्या घोड्यांचा चारा इथून जायचा, हे मुंबईकर वाचकाने जरूर ध्यानात घ्यावं.

नऊ वाजता चूल विझते. सबंध दिवसात तिचे स्वतःचे म्हणावेत असे दोन तास: पहाटेचा जात्यावरचा आणि हा निजण्याआधीचा. बाकीचे मालकाचे.

राणी 1901 मध्ये गेली, वेठ राहिली. हिच्या नातवंडांनाही ती चुकली नाही. 23 मे 1945 रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि यापुढे फुकट राबायचं नाही असं ठरवून आपापल्या पाड्यांवर परतले. त्यानंतरच्या आषाढात आवणीचे दिवस आले.