फिरत्या घरांतील वीज

युरोपांत सुटीच्या दिवसांत कॅम्पर घेऊन हिंडण्याचा प्रघात मोठा आहे. मोटारीच्याच सांगाड्यांत बिछाना, चूल, शीतपेटी आणि दिवे बसवून केलेलें हें फिरतें घर. तें भाड्यानें देणारा मनुष्य चुलीची माहिती बारकाईनें सांगतो. विजेचें प्रकरण मात्र बहुधा दोन वाक्यांत आटोपतो. मग थंडीच्या दिवसांत, मध्यरात्रीं, उष्ण हवा खेळविणारा पंखा बंद पडला आणि मुलें कुडकुडूं लागलीं, म्हणजे न सांगितलेल्या गोष्टींची किंमत कळते.

कॅम्परमध्यें दोन निरनिराळ्या विजा नांदतात. एक १२ व्होल्टची, एकाच दिशेनें वाहणारी. ती बॅटरींतून येते आणि दिवे, पाण्याचा पंप व तो पंखा चालविते. दुसरी २३० व्होल्टची, उलटसुलट वाहणारी. ती तळावरील खांबापासून केबलनें आंत येते. हिला इंग्रजींत ‘शोअर पॉवर’ म्हणतात. बंदरांत लागलेल्या जहाजाला धक्क्यावरून वीज देत, तेंच नांव समुद्र न पाहिलेल्या या गाडीलाही चिकटलें! या दोहोंच्या मध्यें चार्जर असतो. तो खांबावरील वीज बॅटरीला पचेल अशी करून देतो. तो बंद असेल तर भिंतींतील प्लगवर किटली खुशाल उकळेल, आणि बॅटरी उपाशीच राहील.

शिशाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ मध्यें सिद्ध केली. तिचा स्वभाव आजही तोच आहे. आरंभीं चार्जर आपल्या कुवतीप्रमाणें भरपूर प्रवाह देतो. दाब सुमारें १४.४ व्होल्टपर्यंत चढला कीं तो तेथेंच धरून ठेवतो, आणि बॅटरी आपण होऊन कमी कमी प्रवाह घेऊं लागते. घागर काठाशीं आल्यावर आपण धार बारीक करतों, तसाच हा प्रकार. पुढें १३.५ च्या आसपास नुसती राखण. यामुळें शेवटचा पांचवा हिस्सा भरावयास कित्येक तास लागतात. दुपारीं तासभर केबल लावून बॅटरी भरली असें समजणें व्यर्थ होय.

भरली कीं नाहीं हें कसें ओळखावें, असें कोणी विचारील. चार्जर बंद करून, दिवे मालवून, कांहीं तासांनीं दाब मोजावा. १२.७ म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे सुमारें अर्धी. याच्या खालीं वारंवार जाऊं देऊं नये. रिकाम्या पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटाचे कठीण स्फटिक धरतात व तिचें आयुष्य संपतें. लिथियमची नवी बॅटरी याबाबतींत सोशीक खरी. परंतु साधारणपणें तिला शून्य अंशाखालीं चार्ज करूं नये, कारण आंत धातुरूप लिथियम साचून कायमचें नुकसान होतें. कित्येक बॅटऱ्यांत असें चार्जिंग आपोआप थांबविण्याची सोय असते, पण ती आहे कीं नाहीं हें आधीं विचारून घ्यावें.

खांबावरची वीजही अमर्याद नसते. पुष्कळ तळांवर अवघे ६ अँपिअर मिळतात. २३० नें गुणिलें असतां १३८० वॅट झाले. एक हजार वॅटची शेगडी आणि तीनशे वॅट घेणारा चार्जर चालू असतां किटली लावली कीं खटका पडलाच. आणि तो पुन्हां चढविण्यासाठीं कांहीं ठिकाणीं तळाच्या व्यवस्थापकाला उठवावें लागतें. घरची सवय येथें उपयोगी नाहीं.

केबल चक्रीवर गुंडाळलेली ठेवूं नये. उरलेली लांबीही सर्व उलगडून गवतावर सैल पसरावी. गुंडाळींतील उष्णता बाहेर पडत नाहीं, आवरण वितळतें, आणि आग लागण्यास तेवढें पुरे. ३० मिलिअँपिअरवर तुटणाऱ्या रक्षक खटक्याची कळ दाबून तो पडतो कीं नाहीं हें पाहून घ्यावें. ओल्या गवतावर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्याच्यावर अवलंबून असतो. केबल जोडतांना प्रथम गाडीकडचें टोंक, मग खांबाकडचें. निघतांना आधीं खांबाकडचें काढावें.