पुडीतले औषध आणि बाजाराचा न्याय

पेण तालुक्यात आषाढात भातलावणीसाठी दिवसदिवस चिखलात वाकावे लागते, तर गणपतीच्या कारखान्यांतून सणापूर्वीचे कितीतरी महिने मांडी घालून काम चालते. अशा ठिकाणी गुडघे धरणे हा केवळ शरीराचा नव्हे, रोजगाराचा प्रश्न होय. लावणीतला बुडालेला रोज पुन्हा मिळत नाही. तेव्हा निर्गुडीचा शेक, सुंठीचा काढा, एरंडेल, गुग्गुळ यांकडे माणूस वळला, तर त्यात केवळ अंधश्रद्धा पाहणे उथळपणाचे ठरेल.

वस्तुतः अशा औषधींची परीक्षा झालेली आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी गुडघेदुखीच्या ४४० रुग्णांवर केलेली चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत आयुर्वेदीय वनस्पतींच्या मिश्रणांनी वेदनाशमनात सेलेकॉक्सिब या आधुनिक औषधाची बरोबरी केली. मात्र काही रुग्णांच्या रक्ततपासणीत यकृतावरील ताणाची खूणही आढळली, आणि सुरक्षिततेची अधिक तपासणी हवी, असे संशोधकांनी स्वतःच नमूद केले. पुढे २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांतील यकृतदाहाची नोंद केली. त्या वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नव्हती, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. तो मान्य केला, तरी मुळीबाजारातून आणलेल्या कांडीची ओळख आपण तरी कोठे पटवून घेतो? झाडपाल्याचा अपाय होत नाही, ही समजूत मुळात जुनीही नव्हे. बिब्बा उततो, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते.

खरा धोका निराळाच आहे. नाव, घटक, परवाना यांपैकी काहीही नसलेल्या भुकटीत कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत वेदना पळते. पण पुढे हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते, आणि ते एकाएकी थांबविल्यास प्राणावर बेतू शकते. मालाची पारख ग्राहकाला नसेल, तर निकृष्ट माल चांगल्याला बाजारातून हुसकतो, हे जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली दाखविले. येथे स्थिती त्याहून बिकट आहे. भेसळीची पुडी निकृष्ट वाटत नाही, उलट सरस ठरते; आणि महिनाभर पथ्य सांगणारा प्रामाणिक वैद्य ‘गुण न येणारा’ म्हणून मागे पडतो.

१९४० च्या औषध कायद्याच्या कक्षेत आयुर्वेदीय औषधे १९६४ च्या दुरुस्तीने आली. संधिवात बरा करण्याच्या जाहिरातीस १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. परंतु या पुडीला जाहिरात लागतच नाही; शेजारणीचा चार दिवसांत मोकळा झालेला गुडघा तिला पुरतो.