उलार ट्रेलर आणि मधपेट्या

बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधून ट्रेलर जोडून निघालेल्या वाहनाची पहिली परीक्षा सिल्क बोर्ड चौकात होते असे वाटते. प्रत्यक्षात तेथे कसलीच परीक्षा होत नाही. (या चौकाचे नाव केंद्रीय रेशीम मंडळावरून पडले, हे त्याच्या कोंडीत अडकलेल्यांपैकी किती जणांना आठवत असेल कोण जाणे.) ताशी १०-१५ किलोमीटर वेगाला कसाही भरलेला ट्रेलर मुकाट्याने मागे येतो. होसूर रस्त्यावर मोकळा पल्ला मिळाला, वेग ६०-७० च्या पुढे गेला आणि शेजारून एखादी बस झपाट्याने निघून गेली, की भरणीतील चूक उघडी पडते. ट्रेलरची शेपटी डावी-उजवीकडे झुलू लागते आणि वेळीच वेग उतरला नाही, तर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो.

राहण्याची सोय असलेले ट्रेलर आपल्याकडे पर्यटनाच्या संदर्भात चर्चेत आले; महाराष्ट्राचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मधील. परंतु फुलोऱ्यामागे वसाहती हलवणारा मधपाळ आठवडेच्या आठवडे तंबूत काढतो. मुक्कामाचे सामान, मध काढण्याचे यंत्र आणि काही पेट्या एकाच ट्रेलरमध्ये नेण्याची कल्पना त्याला आकर्षक वाटावी, यात नवल नाही. मात्र त्याच्या बाबतीत झोक्याचा धोका दुहेरी आहे.

पेट्या भरताना चौकटी रस्त्याच्या दिशेला समांतर ठेवाव्यात, हा नियम प्रशिक्षणात शिकवला जातो. ब्रेक लागला की धक्का पुढे-मागे बसतो आणि समांतर चौकटी एकमेकींवर आदळत नाहीत. ट्रेलर आडवा झुलू लागला, की हेच संरक्षण उलटते. चौकटी एकमेकींकडे ढकलल्या जातात, मधाने जड झालेली पोळी तुटतात, मधल्या फटीतील माशा चिरडतात. त्यांत राणीमाशी सापडली तर वसाहत राणीविना होते. वाहन सुखरूप पोहोचले म्हणून वसाहती सुखरूप पोहोचल्या असे होत नाही.

बैलगाडी भरणाऱ्या जुन्या माणसाला यामागचे शास्त्र शिकवावे लागत नसे. ओझे मागे गेले की गाडी उलार होते आणि जू वर उचलले जाते. फार पुढे गेले की ती धुरजड होऊन बैलांच्या मानेवर भार येतो. मोटारीमागच्या एका आसाच्या किंवा जोडआसाच्या ट्रेलरला हेच लागू पडते. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार जोडणीवर यावा, असा प्रचलित दंडक आहे. १,२०० किलोच्या ट्रेलरसाठी तो १२० ते १८० किलो होतो. ट्रेलर सपाट जागी उभा करून, चाकांना उटी लावून, जोडणीच्या टोकाखाली धान्य तोलण्याचा प्लॅटफॉर्म काटा ठेवला, की हा आकडा समोर येतो. काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून टोक प्रवासातील उंचीवर आणावे. अंदाजाने भागत नाही.

हा भार ओढणाऱ्या वाहनाच्या मागच्या आसाच्याही मागे पडतो. समजा, दोन आसांमधील अंतर ३ मीटर, जोडणी मागच्या आसापासून १.२ मीटर मागे आणि तिच्यावर १५० किलो भार आहे. तर पुढची चाके ६० किलोंनी हलकी होतात आणि मागच्या आसावर २१० किलोंची भर पडते. हलक्या झालेल्या पुढच्या चाकांमुळे स्टिअरिंगची पकड कमी होते. येथे भारवितरण जोडणी उपयोगी पडते: तिच्या ताणलेल्या स्प्रिंग दांड्या काही भार पुढच्या आसाकडे आणि काही ट्रेलरच्या आसाकडे वळवतात. वाहनाच्या व ट्रेलरच्या उत्पादकांची तिला संमती आहे का, हे मात्र आधी पाहावे. ट्रेलरच्या रेट्यावर चालणाऱ्या काही ब्रेक रचनांशी ती जुळत नाही. बंपरला वेल्ड केलेल्या हुकाचा तर विचारही नको.

झोका रोखणारी घर्षणदांडी ही वेगळी वस्तू आहे. विक्रेते दोन्ही एकत्र दाखवतात, त्यामुळे खरेदीदाराचा घोटाळा होतो. घर्षणदांडी झोका दाबते, त्याचे कारण दूर करीत नाही. पावसात तिची पकडही घटते. उलार ट्रेलरला ती लावणे म्हणजे तापावर नुसती थंड पट्टी ठेवणे. म्हणून भरणी आधी, भारवितरण नंतर आणि घर्षणदांडी सर्वांत शेवटी, हाच क्रम योग्य. वाटेत झोका सुरू झालाच, तर ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे. जोरात ब्रेक दाबू नये आणि वेगही वाढवू नये. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असेल, तर केवळ तोच हलकेच लावावा.

मधपाळाची एक अडचण पर्यटकाला नसते: त्याच्या ट्रेलरचे वजन मुक्कामात बदलते. मध पाण्यापेक्षा सुमारे १.४ पट जड असतो. १५ लिटरच्या डब्यात तो २१ किलो भरतो. असे वीस डबे म्हणजे ४२० किलो. जाताना मागच्या दाराशी रिकामे डबे रचले होते, म्हणून परतताना भरलेलेही तेथेच रचले, तर नीट तोललेला ट्रेलर उलार होतो. डबे आसाच्या किंचित पुढे, तळाशी, दोन्ही बाजूंना सारखे विभागून घट्ट बांधावेत. पाण्याचा अर्धा भरलेला पिंप रिकामा करावा, कारण आत हिंदकळणारे पाणी झोक्याला साथ देते. हे झाल्यावर, निघण्यापूर्वी, जोडणीखाली काटा पुन्हा एकदा ठेवावा.