येथे अमुक करू नये

पुण्याच्या सदाशिव अथवा नारायण पेठेतून सकाळच्या वेळी रमतगमत चालणाऱ्या मनुष्यास वाचनालयाची वर्गणी भरण्याचे तसे कारण उरत नाही. दारे, भिंती, जिन्यांचे कठडे, दुकानांच्या फळ्या, सर्वत्र काही ना काही लिहिलेले असते. कोठे आढळते, ‘फाटकासमोर वाहन लावल्यास चाकातील हवा सोडण्यात येईल.’ कोठे, ‘घंटी एकदाच वाजवावी; घरातील माणसांस ऐकू येते.’ कोठे, ‘येथे पत्ते सांगितले जात नाहीत.’ परगावचा पाहुणा अशा पाटीपुढे थबकतो, हसतो, आणि पुणेकर हा मोठा तिरसट प्राणी आहे असा शेरा मारून पुढे जातो. हसण्यास हरकत नाही. परंतु पाटी तिरसट का होते आणि तिच्यातील विनोद नेमका कोठून येतो, हे पाहू गेल्यास तिरसटपणाचा आरोप पुष्कळसा सौम्य करावा लागतो.

‘हवा सोडण्यात येईल’ हेच वाक्य घ्यावे. हवा सोडणार कोण, याचा त्यात उल्लेख नाही. कर्ता पडद्याआड गेला आहे. ही रचना घरगुती बोलण्यातील नव्हे. ती कचेरीतील आहे. ‘दंड आकारण्यात येईल’, ‘योग्य ती कारवाई करण्यात येईल’ अशा वाक्यांत सरकार जसे नाव न घेता उभे असते, तसाच येथे घरमालक उभा आहे. सरकारी फलकाच्या तळाशी पूर्वी ‘हुकमावरून’ असा शब्द असे. तो आजही जुन्या इमारतींवर क्वचित दृष्टीस पडतो. सरकारपाशी शिपाई आहे, शिक्का आहे, तुरुंग आहे. घरमालकापाशी फार तर एक खिळा आहे. खिळ्याच्या बळावर शिक्क्याची भाषा बोलली गेली की हसू येते. पुतण्याने काकांचा कोट चढवून दिवाणखान्यात यावे, त्यातलाच हा प्रकार. कोट चांगलाच असतो; बाह्या तेवढ्या लांब होतात.

दुसरे एक कारण याहून खोल आहे. पाटी पहिल्या दिवशी कोणी लावीत नाही. पहिल्या वेळी फाटकासमोर गाडी लावणाऱ्यास मालक हसून सांगतो, दुसऱ्यास कपाळाला आठी घालून सांगतो, पाचव्याशी भांडतो, आणि दहाव्यानंतर रंगाऱ्यास बोलावतो. म्हणजे पाटीवरील राग हा त्या दहा जणांवरचा राग असतो. ते दहा जण केव्हाच निघून गेलेले असतात, आणि पाटी वाचतो अकरावा, जो बिचारा केवळ वाट चुकून त्या बोळात शिरलेला असतो. त्याला तो राग अकारण वाटतो, म्हणून विनोदी वाटतो. ज्याच्या घराची घंटी दुपारी दोन वाजता सात वेळा वाजली आहे, त्याला त्या पाटीत विनोदाचा लवलेशही दिसत नाही.

आता हे पुण्यातच इतके का फोफावले, याचे उत्तर बऱ्याच अंशी वाड्याच्या रचनेत आहे. एका वाड्याला दिंडीदरवाजा एक, चौक एक, नळ एक. आणि बिऱ्हाडे मात्र आठ-दहा. एका आडनावाची दोन बिऱ्हाडे एकाच वाड्यात असणे हे नित्याचे. टपालवाला, दूधवाला, भिक्षुक, लग्नाची आमंत्रणे घेऊन हिंडणारे पाहुणे, सर्वजण त्याच एका दारातून आत येत आणि समोर दिसेल त्याला विचारीत. समोर दिसणारा इसम बहुधा जिन्याखालच्या खोलीत राहणारा असे, आणि दिवसातून वीस वेळा दुसऱ्यांचे पत्ते सांगणे हा त्याचा जणू बिनपगारी व्यवसायच होऊन बसे. अशा मनुष्याने एके दिवशी खडू हाती घेतला, तर त्याला तिरसट म्हणणे न्यायाचे होणार नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून मुळा-मुठेला महापूर आला, त्यात नदीकाठचे पुष्कळ वाडे गेले. राहिलेल्यांतील अनेक पुढील दशकांत पाडून त्या जागी इमारती उठल्या. वाडे गेले, तरी पाटी लिहिण्याची सवय नव्या इमारतींच्या जिन्यांत राहावयास आली. नळाचे भांडण तेवढे वाहनतळाचे भांडण झाले.

दुकानांच्या पाट्यांचा मासला निराळा. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही ओळ त्यांतील शिरोमणी म्हणावी. जगातील व्यापारी शाखा किती आहेत ते अभिमानाने सांगतात. येथे शाखा नसणे हाच अभिमान. परंतु याच्याही मुळाशी एक व्यावहारिक भय आहे. एखाद्याच्या मालाचे नाव झाले की त्याच नावाचे, किंवा नावामागे ‘मूळ’, ‘अस्सल’, ‘जुने’ अशी शेपटी जोडलेले दुसरे दुकान शेजारच्या गल्लीत उघडते. शाखा नाही असे लिहिणारा खरे म्हणजे आपल्या तोतयांस उद्देशून लिहीत असतो. ‘दुपारी 1 ते 4 दुकान बंद राहील’ या पाटीची तर महाराष्ट्रभर थट्टा होते. दुकान घराच्या ओसरीवर असावे, मालकाने स्वतःच तराजू धरावा आणि जेवण आतल्या स्वयंपाकघरात वाढलेले असावे, अशा काळाची ती खूण आहे. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी मात्र कोणा एका गावाची नव्हे. ती दररोज खरे बोलते आणि दररोज फसवते. तिच्यावर लिहिलेले ‘उद्या’ कधी उजाडत नाही, हे ठाऊक असूनही उधार मागणारा हसून खिशात हात घालतो. उधारी नाकारूनही गिऱ्हाईक न दुखावण्याची ही युक्ती ज्याने प्रथम काढली, तो मोठा मुत्सद्दी असला पाहिजे.

मुंबईत याच कामाचा मान इराण्यांच्या हॉटेलांनी मिळवला. रस्त्याच्या कोपऱ्यावरचे दुकान, संगमरवरी मेजे, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि भिंतींवर मोठाले आरसे, असा त्यांचा थाट. चहाच्या एका पेल्यावर अर्धा दिवस काढणारी मंडळी तेथे रोजची. म्हणून ‘केस विंचरू नयेत’, ‘मोठ्याने बोलू नये’, ‘विनाकारण बसू नये’ अशी सूचनांची यादीच भिंतीवर लागे. केस विंचरण्याची मनाई परक्यास विचित्र वाटते. पण गल्ल्यावर बसून सारे दुकान नजरेखाली ठेवता यावे म्हणून लावलेले आरसे गिऱ्हाइकांनी भांग पाडण्याच्या कामी लावले, आणि शेजारच्या मेजावर ब्रूनमस्का खात असलेल्या गृहस्थास त्याचा जो उपद्रव होई, तो ध्यानात घेतला की सूचना अगदी शहाणपणाची ठरते. मुंबईचे इंग्रजी कवी निसीम इझिकेल यांनी अशा सूचनांवरून एक कविताच रचली. भिंतीवरील दटावणीस एवढा मान क्वचितच मिळतो.

रस्त्यावरच्या फलकांत हसण्यापेक्षा जगण्याचा प्रश्न अधिक असतो, म्हणून तेथील विनोद जपून केलेला बरा. महाराष्ट्रातील घाटांत ‘वाहने सावकाश हाका’ असे लिहिलेले आढळते. हाकावयाचे ते बैल. यंत्राच्या गाडीला हाकणे म्हणजे काय? परंतु बैलगाडीचा शब्द मोटारीने रस्त्याबरोबरच वारशाने घेतला, आणि तो कोणास खटकतही नाही. ‘अति घाई संकटात नेई’ ही ओळ म्हणीच्या वळणाची आहे. ती जिभेवर बसते, आणि म्हणूनच वळणावर आठवते. लडाखातील उंच रस्ते राखणाऱ्या ‘हिमांक’ प्रकल्पाने याहून धीट मार्ग पत्करला. सीमा रस्ते संघटना 1960 साली स्थापन झाली. तिच्या या प्रकल्पाच्या फलकांवर इंग्रजीत लिहिलेले असते, त्याचा भावार्थ असा, की विवाहित असाल तर वेगाशी घटस्फोट घ्या. किंवा, प्रिये, तू आवडतेस, पण एवढ्या वेगाने नको. सैन्याच्या शिस्तीत वाढलेल्या संघटनेकडून असा लडिवाळपणा अपेक्षित नसतो. तथापि मैलोगणती ओसाड डोंगर पाहून ज्याच्या डोळ्यांवर झापड येते, त्या चालकास एक हसू हे अर्धी झोप उडवणारे औषध ठरते. मालमोटारींच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ याचा हेतूही मुळात सुरक्षिततेचाच. रस्ता अरुंद आणि मागचे दिसत नाही, तेव्हा पुढे जाणाऱ्याने वाजवून सांगावे, इतकेच त्यात मागणे होते. पुढे वाहने इतकी वाढली की त्या तीन शब्दांच्या आमंत्रणाने कान किटले, आणि 2015 साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने व्यापारी वाहनांवर ते लिहिण्यास मनाई केली. म्हणजे एका पाटीसाठी दुसरा हुकूम काढावा लागला.

आगगाडीच्या खिडकीतून दिसणारी पिवळी पाटी मात्र निराळ्याच कारणाने गमतीची वाटते. तिच्यावर ‘सी/फा’ एवढेच लिहिलेले असते. प्रवासी त्यावर तर्क लढवतात, मुले नाना अर्थ काढतात. ‘सीटी’ आणि ‘फाटक’ या दोन शब्दांची ती आद्याक्षरे. पुढे फाटक आहे, शिटी वाजवावी, असा इंजिनचालकास दिलेला तो निरोप. डब्यात हजार माणसे असली तरी पाटीचा वाचक एकच, आणि त्याला ती अर्ध्या क्षणात कळावयास हवी. त्या अर्ध्या क्षणावर फाटकाशी उभ्या असलेल्यांचा जीव अवलंबून असतो. तेथे लालित्यास जागा नाही, आणि ते योग्यच आहे.

अक्षरे असूनही पाटी निष्फळ होते, त्याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘येथे जाहिराती लावू नयेत’ असे बजावणारी भिंत. जाहिरात लावणाऱ्यास तीवरून एवढेच कळते, की ही जागा लोकांच्या नजरेत भरणारी आहे. उलट अक्षरांवाचून काम साधते, त्याचेही उदाहरण मुंबईच्या चाळींत व कचेऱ्यांच्या जिन्यांत आहे. पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेले कोपरे लेखी सूचनांनी आवरेनात, तेव्हा तेथे देवादिकांची चित्रे असलेल्या फरशा बसवण्यात आल्या. सर्व धर्मांच्या प्रतिमा शेजारी शेजारी, म्हणजे कोणासही सवलत नको. दंडास न भिणारा मनुष्य तेथे तोंड आवरतो. देवांस हे काम आवडते की नाही, हा प्रश्न वेगळा. शिवाय ही सूचना निरक्षरासही वाचता येते, हा तिचा मोठाच गुण होय. विजेच्या खांबावरील कवटी आणि हाडांचे चित्र त्याच कारणाने आहे.

मराठी पाटीची खरी अडचण मात्र मराठी वाक्याच्या घडणीतच आहे. इंग्रजी सूचनेत नकार बहुधा आरंभीच येतो. मराठीत ‘नये’ हा शब्द सर्वांच्या शेवटी. फळा अरुंद असल्यास रंगारी त्याला खालच्या ओळीत ढकलतो. पावसाळ्यात चिखलाचे शिंतोडे प्रथम उडतात ते त्याच ओळीवर. वाढलेले गवत झाकते तीच ओळ. भाजीवाल्याची पाटी टेकते तीही तेथेच. दोन पावसाळ्यांत ‘येथे कचरा टाकू नये’ यातील अखेरचा शब्द गळतो आणि ‘येथे कचरा टाकू’ असा सामुदायिक संकल्प तेवढा शिल्लक राहतो. लोकही तो मनोभावे पाळतात. खाली साचलेला ढीग पाहून नगरपालिकेस दोष देणाऱ्याने एकदा वरची पाटी वाचावी.

हे ओळखणारे जुने रंगारी ‘नये’ हा शब्द इतर अक्षरांहून मोठा आणि तांबड्या रंगात काढीत. काही घरमालक पाटी जुनी झाली तरी सगळी पुन्हा रंगवीत नाहीत. वरच्या दोन ओळी पुसट होऊन वाचवेनाशा झालेल्या असतात. काय करावयाचे नाही, ते कळण्यास मार्ग उरलेला नसतो. आणि त्यांच्याखाली दर दिवाळीस ताजा केलेला एकच तांबडा शब्द लखलखत असतो, ‘नये’.