खिडकीवर काय मागतील?

"कागदपत्रं कुठे आहेत?" असं विचारलं की बहुतेक घरांत एकच उत्तर मिळतं, "कपाटात." कपाट उघडावं तर आत लग्नाचा अल्बम, एफडीच्या एकदोन पावत्या आणि मुलांच्या मार्कशीट. बाकीचं सगळं घरभर पसरलेलं असतं. दिवाणाच्या खणात गॅसचं पुस्तक आणि विम्याच्या पावत्या, माळ्यावरच्या सुटकेसमध्ये फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट, देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये पोस्टाची पासबुकं. लॉकरचा नंबर मागच्या वर्षीच्या कालनिर्णयच्या पाठीवर लिहिलेला, आणि ते कालनिर्णय रद्दीत गेलेलं.

माझी सगळी नोकरी बँकेत, काउंटरच्या आतल्या बाजूला गेली. निवृत्त झाले आणि ओळखीपाळखीतून बोलावणी सुरू झाली, "ताई, जरा आमचे कागद बघून द्याल का?" घरातलं कुणीतरी नुकतं गेलेलं असतं, किंवा आयसीयूतून परत आलेलं असतं. धडधाकट माणसाने सुखासमाधानात बोलावल्याचं फारसं आठवत नाही.

पहिल्या दिवशी मी काही लावत नाही, फक्त गोळा करते. हॉलमध्ये चादर अंथरायची आणि घरातला कागद न् कागद तिच्यावर आणून ओतायचा. घरच्यांना एव्हाना रंगीत फोल्डर आणायची घाई झालेली असते. बँक निळं, विमा हिरवं, घर लाल, औषधपाणी पिवळं. दिसायला छान, पण मला ही मांडणी पटत नाही. कागद ज्या जातीचा त्या फोल्डरमध्ये, हा झाला ठेवणाऱ्याचा हिशेब. शोधणारा मात्र कुठल्या तरी खिडकीवर उभा असतो आणि पलीकडचा माणूस त्याच्याकडे पाच जातींचे कागद एकदम मागतो. नवऱ्यामागे फ्लॅट बायकोच्या नावावर करायचा तर सोसायटी मृत्यूचा दाखला मागते, शेअर सर्टिफिकेट मागते, नॉमिनेशनची नोंद बघते. पुढे फ्लॅट विकायची वेळ आली की अ‍ॅग्रीमेंट, रजिस्ट्रेशनची पावती, इंडेक्स टू आणि आधीच्या मालकांची सगळी चेन हवी असते. रंगीत फोल्डरांत हे चार ठिकाणी विखुरलेलं सापडतं. म्हणून मी गठ्ठे खिडकीप्रमाणे करते: सोसायटीचा एक, प्रत्येक बँकेचा वेगळा, पोस्टाचा, विम्याचा, तहसीलचा. मृत्यूच्या दाखल्यासारखा जो कागद सगळीकडे लागतो त्याच्या प्रती प्रत्येक गठ्ठ्यात आधीच घालून ठेवायच्या. महापालिकेतून दाखला काढतानाच प्रती भरपूर घ्याव्यात. पुन्हा त्या रांगेत उभं राहायचं त्राण तेव्हा कुणात नसतं.

डोंबिवलीच्या एका काकूंच्या घरी हे काम बरेच दिवस चाललं. काका रेल्वेतून निवृत्त झालेले आणि अत्यंत टापटिपीचे. प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या पारदर्शक कव्हरात. त्या टापटिपीनेच घोटाळा केला होता. झेरॉक्सची काळी शाई प्लॅस्टिकला चिकटून अर्धी अक्षरं कव्हरावर उमटली होती. टाचण्या गंजून कागदाला तांबडी भोकं पडली होती, रबरबँड वितळून पासबुकाच्या पुठ्ठ्यात शिरले होते. फ्रिजचं वॉरंटीचं बिल कोरं करकरीत! दुकानातली ती चकचकीत पावती थर्मल कागदाची असते, तिच्यावरचा छाप उष्णतेने आणि काळाने उडून जातो. घेतली त्या दिवशीच तिची झेरॉक्स काढायला हवी. आणि मुलाची मार्कशीट लॅमिनेट केलेली. लॅमिनेशनवर माझा मनापासून राग आहे. आत गेलेला कागद परत बाहेर येत नाही, त्यावर शिक्का मारता येत नाही, परदेशी जाताना साक्षांकनाला तो अडतो.

पण ही झाली वरवरची रड. खरं काम नावांपाशी सुरू झालं. काकूंच्या नावाने आलेले कागद मी एका ओळीत मांडले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नानंतर सासरी बदललेलं नाव रेशन कार्डावर, तेही शेवटी ‘बाई’ लावून. पॅनवर ‘बाई’ गायब. आधारवर काकांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, एका ‘ए’ऐवजी दोन. काकांच्या पेन्शनच्या कागदांत पत्नी म्हणून चौथंच रूप, आणि जन्मतारीख १ जून. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनला झालेला आहे; शाळेत घालताना मास्तरांनी लिहून टाकला. काकू ती ओळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, या सगळ्या मीच गं." ते मला पटत होतं, पण फॅमिली पेन्शनच्या खिडकीवरच्या माणसाला कागदावर पटवून द्यायचं होतं.

यावर उपाय कंटाळवाणे आहेत, पण आहेत. आधी एक कागद मुख्य ठरवायचा, आणि बाकीचे त्याच्याकडे वळवत आणायचे. पॅन आणि आधार जुळले की बँका निमूट येतात. जुने दाखले बदलत नाहीत, त्यांच्यासाठी ‘या नावाची आणि त्या नावाची व्यक्ती मी एकच’ असं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. नाव पुरतंच बदललेलं असेल तर राजपत्रातली नोंद. लग्नाचं प्रमाणपत्र त्या काळच्या बायकांकडे नसतंच. काकूंकडे लग्नपत्रिका होती, हळदीकुंकवाच्या डागांसकट. माहेरचं आणि सासरचं नाव एका ठिकाणी छापलेला तेवढाच एक कागद. मी ती ‘आठवणी’च्या ढिगातून काढून कामाच्या ढिगात ठेवली तेव्हा सूनबाईंनी माझ्याकडे संशयाने बघितलं.

पैशांच्या कागदांत लोकांची नजर आधी आकड्याकडे जाते, माझी ‘नॉमिनी’ या रकान्याकडे. नॉमिनी असेल आणि कागद पुरे असतील तर बँकेने १५ दिवसांत दावा मिटवायचा असतो. नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल तर वारस दाखला, नाहीतर सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे कोर्ट. २०२५च्या नोव्हेंबरपासून बँकेच्या ठेवीला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, तरी जुन्या पावत्यांवरचा रकाना अजून रिकामाच दिसतो. काही ठिकाणी त्यात आईचं नाव असतं, आणि आई जाऊन कितीतरी वर्षं लोटलेली असतात.

इथेच घराघरांत भांडण पेटतं, म्हणून सांगून ठेवते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याच्या हातात पैसे येतात ते वारसांच्या वतीने. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ साली सांगितलं, शेअर्सच्या बाबतीत २०२३ साली. विम्यात मात्र २०१५च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवराबायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांचीच होते. कुणाला काय द्यायचं हे नॉमिनेशनवर सोडून चालत नाही, त्यासाठी मृत्युपत्र हवं. ते साध्या कागदावर चालतं, स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. एवढं सोपं आहे, आणि तरीही विषय काढला की घरातले पुरुष उठून गॅलरीत जातात.

काकांच्या पेटीत सहकारी बँकांच्या, पतसंस्थांच्या पावत्या होत्या. अर्धा टक्का जास्त व्याजासाठी गावभर पेरलेल्या. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. म्हणून पतसंस्थेच्या पावत्या मी गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवते, मुदत संपायच्या आधी हाताला लागाव्यात म्हणून. दहा वर्षं हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती बुडत नाही, मागता येते, आणि २०२३ पासून ‘उद्गम’ पोर्टलवर नाव घालून शोधताही येते. शेअर्सचा लाभांश सलग सात वर्षं कुणी घेतला नाही तर शेअरसुद्धा सरकारी निधीत जातात. कागदी शेअर सर्टिफिकेट २०१९च्या एप्रिलपासून दुसऱ्याला थेट विकता येत नाहीत, आधी डिमॅट करावी लागतात. तेव्हा अशी सर्टिफिकेटं सापडली की फ्रेम करू नका.

एकदा एका घरात इंदिरा विकासपत्रांची जोडी निघाली. १९८६ साली निघालेली आणि १९९९ साली बंद झालेली ही पत्रं नोटेसारखी होती. वर कुणाचंही नाव नाही, ज्याच्या हाती त्याची. हरवली तर दुसरं मिळायची सोय नव्हती. त्या घरात ती साडीच्या घडीत होती. का, ते आजींनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

गावाकडच्या कागदांची तऱ्हा वेगळी. शहरातल्या मुलांना सातबारा ऐकून माहीत असतो, आता तो १५ रुपयांत डिजिटल सहीचा घरबसल्या मिळतो. पण त्यावरचा आजोबांच्या काळातला बोजा वाचायची कुणाची तयारी नसते. विकास सोसायटीचं कर्ज कधीच फिटलेलं असतं. बेबाकी दाखला तलाठ्याकडे द्यायचा राहिला म्हणून ‘इतर हक्कां’च्या रकान्यात तसंच बसलेलं असतं. सातबाऱ्याइतकाच फेरफार जपायला हवा, कारण नाव कसं चढलं आणि कुणाचं गळलं हे तिथेच कळतं. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं बहुधा तिथेच गळलेली असतात.

आणि मग ते कागद, ज्यांना कुणी किंमत देत नाही. आजोबांचा चौथीचा दाखला, शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, मोडीत लिहिलेलं एखादं खत. जात पडताळणीला इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. २०२३ साली कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली, तेव्हा मराठवाड्यात लोक गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी मागायला तहसीलच्या दारात उभे राहिले, आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. ज्या घरांनी आजोबांची पत्र्याची पेटी भंगारात दिली होती ती घरं हळहळली. एफडीची पावती हरवली तर बँक दुसरी देते. १९४० सालचा दाखला ज्या शाळेतून निघायचा, तिचं जनरल रजिस्टर वाळवीने खाल्लं असेल तर विषयच संपला. म्हणून बदलून मिळणारे आणि बदलून न मिळणारे, अशी एक रेघ मी सगळ्या गठ्ठ्यांतून ओढते. न मिळणारे कागद वेगळे, पत्र्याच्या पेटीत, सुती कापडात, जमिनीपासून उंच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत सगळ्यात आधी दिवाणाचे खण बुडाले. भिजलेला गठ्ठा ओढून सुटा करू नये आणि उन्हात टाकू नये. पंख्याखाली, मध्ये कोरे कागद घालत, सावकाश.

टाकायचं काय? विजेची जुनी बिलं, संपलेल्या पॉलिसींच्या हप्त्याच्या पावत्या, क्रेडिट कार्ड घ्या म्हणून आलेली पत्रं बिनधास्त टाका. नाव-नंबर असेल तर फाडून. काका असते तर एकही टाकू दिलं नसतं. गृहकर्ज फिटल्याचं पत्र मात्र कधीच टाकू नये, आणि ते हाती आलं की मूळ अ‍ॅग्रीमेंट परत आलं का ते बघावं. २०२३च्या डिसेंबरपासून कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरायचे, असा नियम बँकांना आहे. त्याआधी फिटलेल्या कर्जांचे कागद अजूनही कुठल्या तरी गोदामात पडून असतील, कारण मागायलाच कुणी गेलं नाही.

शेवटी एक वही. दोनशे पानी, शिवलेली. कुठल्या खिडकीवर आपलं काय आहे, गठ्ठा कुठे आहे, आणि कुठला मोबाइल नंबर जोडलेला आहे. हा शेवटचा रकाना मी अलीकडे वाढवला. माणूस गेलं की मुलं महिन्याभरात सिम बंद करतात, आणि मग विमा, गॅस, वीज, सगळ्यांचे ओटीपी त्या बंद नंबरवर जात राहतात. खाती रीतसर वळती होईपर्यंत रिचार्ज चालू ठेवावा. ओटीपी येतोय म्हणून गेलेल्या माणसाच्या खात्यातून पैसे काढणं हे मात्र करू नये. बँकेला आधी कळवावं. पासवर्ड वहीत लिहू नयेत. वही कुठे आहे ते घरातल्या दोघांना तरी माहीत असावं, आणि त्यातला एक कॅनडात नसावा.

वहीत मी ‘पोच’ असाही एक रकाना पाडते. "नॉमिनेशनचा फॉर्म सोसायटीत दिलाय," असं छातीठोक सांगणाऱ्यांना पोच विचारली की ते सेक्रेटरीचं नाव सांगतात. सेक्रेटरी बदलतात. शिक्का, तारीख आणि सही असलेली दुसरी प्रत हातात असेल तरच तो फॉर्म दिला असं मी धरते. काकूंच्या पासबुकातलं नाव अजून दुरुस्त झालेलं नाही, पण अर्जाची पोच बँकेच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर आहे. ती घेऊन त्या दर आठवड्याला शाखेत जातात, आणि काउंटरवरची मुलगी आता त्यांना लांबूनच बघून खुर्ची पुढे करते.