आरोग्यसंशोधन, सूची आणि भाषा

संशोधकांमधील ज्ञानाची देवघेव केवळ परदेशी नियतकालिके मागवून साधत नाही, हे लॅटिन अमेरिकेच्या अनुभवावरून ध्यानी येते. १९६७ मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलो येथे ‘बिरेमे’ हे प्रादेशिक वैद्यकीय ग्रंथालय स्थापन झाले. निरनिराळ्या ग्रंथालयांतील संग्रह परस्परांस उपलब्ध करून देणे, हे त्याचे आरंभीचे कार्य. परंतु आंतरराष्ट्रीय सूचींत इंग्रजीचे प्राबल्य असल्यामुळे स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांतील पुष्कळसे संशोधन शेजारच्या देशातही अज्ञात राही. म्हणून त्या प्रदेशातील आरोग्यविषयक लेखनाची ‘लिलाक्स’ ही स्वतंत्र सूची सिद्ध झाली. १९९७ मध्ये आरंभिलेल्या ‘सिएलो’ प्रकल्पाने तर संपूर्ण लेखच विनामूल्य खुले केले. सूचीत न आलेले लेखन अभ्यासकाच्या लेखी जवळजवळ नसतेच. भारतीय भाषांच्या अभ्यासकांस हा प्रश्न परका वाटू नये.